तिसरा माळा

मे महिन्यात आमच्या वाडीत कुलपं वाढतात. आधी समोरच्या सावंतांच्या दाराला लागतं, मग डाव्या हाताच्या दोन खोल्यांना, आणि पंधरा तारखेपर्यंत अख्खी चाळ गावाला गेलेली असते. कुणी कणकवलीला, कुणी देवगडला, कुणी राजापूरला. जिन्याखालच्या चपला कमी होतात. गॅलरीतल्या दोऱ्या रिकाम्या लोंबतात. दुपारी कुणी नळाखाली बादली लावली तर तिचा आवाज वरपर्यंत येतो, आणि बादली कुणाची हेही आवाजावरून ओळखता येतं, इतकी माणसं कमी असतात. मला गाव नाही. माहेर दादरचं, सासर हे गिरगावातलं. त्यामुळे मे महिन्यात किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे असतो आणि बंद दारांपुढच्या तुळशींना पाणी घालायचं कामही.

इरा, अशाच रिकाम्या दुपारी गेल्या आठवड्यात तुझा नकाशा आला. लिंक उघडली. तुझं सगळं शहर फोनच्या पडद्यावर मावलेलं. एका बटणावर झाडं, दुसऱ्यावर बसचे थांबे, तिसऱ्यावर उन्हाळ्यात कुठली गल्ली किती तापते ते, आणि चौथ्यावर एकटे राहणारे म्हातारे. चारही थर एकावर एक ठेवले की कुठल्या म्हाताऱ्याच्या दारात सावली नाही ते लाल रंगात दिसतं. टिंबाला बोट लावलं की त्याची माहिती उघडते. खाली तू लिहिलं होतंस, 'आजी, आवडला का?'

नकाशा सुंदर आहे. बघताना माझ्या मस्तकात तिडीक गेली, हेही खरं आहे. मी तीन दिवस काही उत्तर दिलं नाही आणि तुझ्या भावाला, निहारला काळजी वाटून त्याने तुमच्या बाबाला फोन करायला लावलं. मला काही झालेलं नाही. मी रागावले आहे, आणि तुझ्यावर नाही. पण तू हे काम पुढे करणार म्हणतेस, तर हा राग कुठून आला ते तुला माहीत असायला हवं.

तुला आठवत नसेल, मी भूगोल शिकवायचे. तेव्हा आमच्याकडे ट्रेसिंग पेपर होता. एका कागदावर नद्या, दुसऱ्यावर पाऊस, तिसऱ्यावर लोकवस्ती. मुली तिन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायच्या आणि उजेडात त्यांना दिसायचं की माणसं कुठे राहतात आणि का राहतात. वर्गात दर वेळी एक शांतता पसरायची. त्या शांततेसाठी मी तीस वर्षं शाळेत गेले. कधी एखादीचा हात हलायचा, कागद सरकायचा आणि नदी डोंगरावर चढायची. मग सगळा वर्ग खिदळायचा. कागद सरकलाय हे दिसायचं, म्हणून हसू यायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या चाळीचा नकाशा झाला. चाळ पाडून नवी इमारत बांधायची, त्याआधी कोण कुठे राहतं, म्हणजे नवं घर कुणाकुणाला द्यायचं, ते पक्कं करायचं, म्हणून बिल्डरने एक कंपनी नेमली. कंपनीचे लोक इस्त्रीच्या कपड्यांत आले. आता कागदांचे गठ्ठे नकोत, म्हणाले, सगळं एका नकाशात आणू. भाडेपावत्या, विजेची मीटरं, मतदार यादी, चाळीचा जुना आराखडा, वरून काढलेले फोटो, आणि घरोघर जाऊन केलेली पाहणी. सगळं एकमेकांशी ताडून बघायचं. खोलीला बोट लावलं की कुटुंब दिसेल. वाद नाही, वशिला नाही. मला ते इतकं पटलं की मी बसल्या जागी मान डोलावत होते.

फक्त याद्या इंग्रजीत हव्या होत्या. पावत्या आणि मीटरची जुनी नोंदवही मराठीत, मालकाच्या मुनीमजीच्या अक्षरात. सावंत, म्हणजे आमचे भाडेकरू संघाचे सेक्रेटरी, माझ्याकडे आले. "बाई, तुमच्याशिवाय कोण करणार? तुमचं इंग्रजी, तुमचं अक्षर!" चाळीत मला सगळेच बाई म्हणतात, ज्यांना मी कधी शिकवलं नाही तेही. मी आढेवेढे घेतले नाहीत. मार्चमध्ये बसले, रूळ घेतला, रकाने आखले. खोली, मजला, नाव. आम्हाला शाळेत सिस्टर सांगायच्या, रिकामा रकाना म्हणजे आळशी मुलगी. माझ्या यादीत एकही रकाना रिकामा नव्हता.

आता आमच्या मुंबईच्या मराठीतली एक गंमत. तुमच्या आईबाबांच्या तोंडून तुम्ही ती ऐकली असेल, पण कधी थांबून विचार केला नसेल. पुण्याचा माणूस दुसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही दुसऱ्या माळ्यावर राहतो. माळा म्हणजे मजला. आणि खोलीच्या आत, छताखाली, लाकडी फळ्या टाकून जी अर्धी खोली करतात, जिथे शिडीने चढायचं आणि वाकून चालायचं, तो पोटमाळा. त्यालाही घाईत माळाच म्हणतात. दोन्हींत आम्ही कधी गोंधळत नाही. बोलणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही.

तळमजल्यावर तीन नंबरच्या खोलीच्या पोटमाळ्यावर आनंदीबाई राहतात. नवरा गिरणीत होता. खाली त्याचा थोरला भाऊ, वर हे दोघं. चूल वेगळी, मीटर वेगळं, भाडेपावती वेगळी. दोघे भाऊ गेले, खाली आता पुतण्या सतीश, त्याची बायको मनीषा आणि दोन मुली. आनंदीबाई सकाळी सात वाजता दादरच्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला जातात आणि तीनला परत येतात. आवाज खणखणीत. मालवणी अजून जशीच्या तशी. त्यांच्या पावतीवर मुनीमजीने लिहिलं होतं: '३ माळा'. मीटरच्या नोंदवहीतही तेच.

आणि मी, भूगोलाच्या बाईंनी, त्याचं इंग्रजीत केलं तिसरा मजला.

आमच्या चाळीला तिसरा मजला नाही. तळमजला आणि वर दोन. मी या इमारतीत पन्नास वर्षं राहते.

एप्रिलमध्ये वर ड्रोन फिरलं. घारी बिथरल्या, चक्कर मारून त्याच्यावर धावून गेल्या. गच्चीवर मनीषाच्या कुरडया वाळत होत्या, ती शिट्टी मारत, हात हलवत त्या यंत्राला हाकलत होती. "अहो, माझ्या कुरडयांवर पडलं तर!" नंतर तो फोटो आम्ही मोठा करून पाहिला. कौलं, पत्रे, पाण्याच्या टाक्या आणि पांढऱ्या चादरीवर कुरडया. एक एक मोजता येत होती. कुरडया दिसल्या. त्यांच्या खाली तीसएक फुटांवर, छप्पर, दोन मजले आणि एक छत यांच्याआड राहणारी बाई दिसायचा प्रश्नच नव्हता, आणि तो प्रश्न कुणाला पडलाही नाही.

पाहणी करायला दोन मुली आल्या त्या सकाळी अकराला. आनंदीबाई पोळ्या लाटत होत्या. मनीषाने दार उघडलं. मुलीने दारातूनच विचारलं, घरात माणसं किती? मनीषा म्हणाली, पाच.

नंतर मी तिच्यावर ओरडले. "पाच कसं सांगितलंस गं?"

"मग काय सांगू बाई? चार? काकींना सोडून? सगळे सणवार आमचे एकत्र होतात. कुणी विचारलं तर पाचच येणार ना तोंडात!"

तिचं काय चुकलं? एका शब्दात तिने सांगितलं की ही बाई आमची आहे. आणि तो शब्द पुरावा म्हणून आनंदीबाईंच्या विरोधात लागला. मतदार यादीत त्यांचा पत्ता नुसता 'खोली ३' असा होता, तोही पाचाला जुळला. उरली पावती आणि मीटर, तर ती दोन्ही माझ्या सुवाच्य अक्षरात, इमारतीला नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसली होती. यंत्राने नसलेला मजला शोधला, सापडला नाही, आणि दोन्ही नोंदी बाजूला टाकल्या. नकाशात कागद सरकला होता. पण ट्रेसिंग पेपर सरकला की दिसतो. हा सरकल्यावर सगळं आणखी नीट जुळलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात गणपतीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला. जे गावाला गेले नव्हते ते जमलो. बोट लावलं की खोली उघडे, नावं येत, नोंद पक्की असली की हिरवा रंग येई. मुलांनी तर आपापल्या घरांवर टिचक्या मारून त्या पडद्याला हैराण केलं. मीही उठले. माझी खोली हिरवी. तीन नंबर हिरवी, पाच माणसं. मला समाधान वाटलं. इरा, हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. मी तीन नंबरवर बोट ठेवलं, पाच नावं वाचली, त्यातलं पाचवं आनंदीबाईंचं होतं, आणि मला समाधान वाटलं की सगळे आले.

फाटकावर यादी चिकटवली. हरकती पंधरा दिवसांत. मे महिन्यातले पंधरा दिवस! गिरगावातल्या चाळीला मे महिन्यात पंधरा दिवसांची मुदत म्हणजे बंद दाराला विचारणं. मी नंतर विचारलं, मे कुणी ठरवला? उत्तर मिळालं, शेड्यूलमध्ये तसं होतं. सहा ठिकाणची माहिती एकत्र करणाऱ्या माणसांना ही सातवी माहिती कुणाकडेही मिळाली असती, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेसुद्धा. त्या महिन्यात तो दूध निम्मं मागवतो.

उन्हं तशीच होती जशी आज आहेत. गॅलरीचा कठडा हात भाजेल इतका तापलेला. आंब्याच्या पेट्यांतलं गवत जिन्यात पसरलेलं. मी रोज सकाळी जुडगा घेऊन तुळशींना पाणी घालत त्या यादीवरून जात होते. पंधरा दिवस.

आनंदीबाई जूनच्या सुरुवातीला देवगडहून आल्या, डोक्यावर फणस. यादी वाचून घेतली सतीशकडून. मग माझ्या दारात.

"बाई, तुम्ही शिकलेल्या. माका सांगा, माझी खोली खंय आसा ह्या कागदार?"

मी म्हटलं, आहे ना, तीन नंबरमध्ये.

"ती सतीशची. माझी खंय?"

मी चष्मा शोधायच्या निमित्ताने आत गेले.

कंपनीचं कार्यालय लोअर परळला, सगळीकडे काच. एसीत आनंदीबाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. समोर तिशीचा एक अधिकारी, वागायला अगदी सभ्य. त्याने नकाशा उघडला, बोट लावलं. "हे बघा मॅडम, यांचं नाव आहे. खोली तीन, फॅमिली मेंबर."

"त्या स्वतंत्र भाडेकरू आहेत. पोटमाळ्यावर राहतात."

"सिस्टीममध्ये पोटमाळा अशी कॅटेगरी नाहीये."

"अरे, पन्नास वर्षां मी तुझ्या कॅटेगरीत जेवतंय, निजतंय," आनंदीबाई म्हणाल्या. "चल, येऊन बघ. डोक्याक लागात, वाकून ये."

तो हसला नाही, चिडलाही नाही. एक यादी काढली, बाजूला टाकलेल्या नोंदींची. "यांच्या नावाने एक पावती होती, पण ॲड्रेस चुकीचा आहे. थर्ड फ्लोअर. तुमच्या बिल्डिंगला थर्ड फ्लोअर नाही ना? म्हणून डेटा क्लीन करताना काढली." आणि त्याने पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या हस्ताक्षरातला कागद होता, स्कॅन केलेला. सरळ ओळी, सारखे रकाने.

मी आनंदीबाईंना तिथेच सांगितलं की हे मी लिहिलंय. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

"अक्षर चांगला आसा," म्हणाल्या.

मी लेखी कबुली देणार म्हटल्यावर सावंत घरी आले. पंखा जोरात लावायला सांगून बसले. "बाई, तुमचा जीव का जळतोय ते मला कळतं. पण तुम्ही लिहून दिलंत की यादी चुकली, तर अख्खी यादी संशयात. सगळ्यांची घरं अडकणार. तुमचंसुद्धा."

"मग?"

"सतीश बघेल ना काकींना. नव्या घरात पोटमाळे नसतात, पण कोपरा असतोच."

"सावंत, तुमच्या आईला कोपऱ्यात ठेवाल?"

"बाई, आईवर जाऊ नका."

"मी जाणार. तुम्ही आनंदीबाईंवर आला आहात."

चहा न घेता गेले. त्यांच्या बायकोने त्या दिवसापासून माझ्याकडे किल्ली ठेवणं बंद केलं. सावंत वाईट माणूस नाही. त्यांना जिने चढवत नाहीत, नव्या इमारतीत लिफ्ट मिळणार आहे. प्रत्येकाला काहीतरी मिळणार होतं, आणि त्यासाठी एका बाईने फक्त पाचवं नाव व्हायचं होतं.

मी सरकारी कचेरीत लिहून दिलं. सुनावणीची तारीख मिळायला वर्ष गेलं, पुढे ढकलली गेली, पुन्हा मिळाली. तिथल्या साहेबांनी माझी कबुली वाचली. "तुमच्या हातून एक चूक झाली, तशा आणखी किती झाल्या असतील?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण शिडी चढून बघितल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही."

फेरपाहणीचा हुकूम निघाला. नकाशावर आमची अख्खी इमारत हिरव्याची पिवळी झाली. चाळीत लोक माझ्याशी बोलेनासे झाले. तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, या वयात कशाला?" त्याला मी सांगितलं की चूक याच वयात केली आहे.

गेल्या जानेवारीत पाहणीची मुलगी आली, नवी, हातात टॅब. मी तिला आधी तीन नंबरमध्ये नेलं. मनीषाने शिडी धरली. मुलीचं डोकं तुळईला आपटलं आणि आनंदीबाई वरून म्हणाल्या, "सगळ्यांका सांगतंय, वाकून ये!" वर त्या सुट्टी घेऊन बसल्या होत्या. चटई, देव, गॅस, कोपऱ्यात मीटर. मुलगी मांडी घालून बसली आणि माहिती भरायला लागली. नाव आलं, पावती आली, मीटर आलं. मग ती थांबली.

"फ्लोअरमध्ये ऑप्शन ग्राउंड, फर्स्ट, सेकंड, इतर असे आहेत. 'इतर' टाकू का?"

"इतर म्हणजे?" आनंदीबाईंनी विचारलं.

"म्हणजे... यांतलं काहीच नाही."

"टाकायचं नाही," मी खालून ओरडले. गुडघ्यांमुळे मला शिडी चढता येत नाही, मी खाली खुर्चीवर बसून होते. "तुझ्या ऑफिसला फोन लाव. त्यांना म्हणावं, एक शब्द वाढवा."

"आजी, असं लगेच नाही होत."

"मी बसले आहे."

तिने फोन लावला. एकाने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. "सर, पोटमाळा. नाही सर, पोटाचा काही संबंध नाही. पी ओ टी..." वरून आनंदीबाईंचं हसू ऐकू आलं, जवळजवळ दोन वर्षांत पहिल्यांदा. मनीषाने चहा केला. दुपारचा एक वाजला. मग टॅबवरची यादी एकदा गेली, परत आली, आणि मुलगी म्हणाली, "आला." तिने बोट लावलं. आनंदीबाईंचं स्वतःचं टिंब, स्वतःची खोली. जवळजवळ दोन वर्षं लागली त्या शब्दाला, आणि टाकायला त्या सरांना काही मिनिटं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, चहा संपेपर्यंत. मग मुलीने विचारलं, इमारतीत असे अजून माळे आहेत का?

होते. मी तिला पहिल्या माळ्यावर अकरा नंबरला नेलं. तिथे पोटमाळ्यावर परेरा राहायचे, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे, एकटे, नाताळला सगळ्या चाळीत तळलेले गोड कुलकुल वाटणारे. त्यांच्या पावतीवरही नुसतं 'माळा' होतं, आणि माझ्या यादीत त्याचाही नुसता मजला झाला होता. कंपनीने आणलेल्या, हक्क सोडल्याच्या कागदावर त्यांनी सही केली आणि मुलीकडे वसईला गेले. भांडले नाहीत. मला विचारायलाही आले नाहीत. ते गेल्याचं मला दोन दिवसांनी कळलं होतं, आणि मी तेव्हा आनंदीबाईंच्या अर्जात गुंतले होते.

टॅबवाली मुलगी शिडी चढली. वरच्या फळ्या करकरल्या.

"आजी, इथे कुणीच नाही," ती म्हणाली, आणि टॅबवर 'रिकामा' दाबलं. त्या शब्दासाठी तिला कुणाला फोन करावा लागला नाही. तो यादीत पहिल्यापासून होता.